झॅम्पमध्ये अपाची चालूच होत नाही, वाचनालयाची सूची अडकली आहे. मदत हवी

शेवंता | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इथे पाच-सहा वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी संध्याकाळची देवघेव सांभाळते. साडेचार हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत आणि दाखल नोंदवहीची पानं आता हात लावला तरी सुटतात. सगळी यादी संगणकावर आणायची, सभासदाने नाव टाकलं की पुस्तक आहे का आणि कोणत्या कपाटात आहे ते दिसावं, एवढंच करायचंय. पूर्वी पीएचपीचा (वेबसाइट बनवायची भाषा) एक कोर्स केला होता. त्या जोरावर कार्यवाहांना 'मी करते' म्हणून बसले.

वाचनालयाच्या लॅपटॉपवर (विंडोज १०, रॅम ४ जीबी) झॅम्प टाकलं, म्हणजे अपाची हा वेब सर्व्हर, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारं पॅकेज. कंट्रोल पॅनलमध्ये अपाचीसमोरचं स्टार्ट दाबलं की खाली लाल अक्षरांत येतं, की ८० नंबरचं पोर्ट दुसरं कोणीतरी वापरतंय, ती प्रोसेस उघडता येत नाही, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) ४. मायएसक्यूएल मात्र लगेच हिरवं होतं.

आतापर्यंत केलेले उपाय: झॅम्प काढून परत टाकलं, तीनदा. लॅपटॉप बंद-चालू. अँटीव्हायरस बंद. यूट्यूबवर एकाने स्काइप काढायला सांगितलं, पण या लॅपटॉपवर स्काइप कधी नव्हतंच. तिसऱ्यांदा काढताना चाचणीसाठी भरलेली दीडशे पुस्तकंही त्याबरोबर गेली.

खारे_दाणे | सोमवार, रात्री १०:०२

तीनदा काढून तीनदा टाकलंत म्हणजे आता तुमची गणना आयटीवाल्यांत. वाचतोय.

उंटावरचा_शहाणा | सोमवार, रात्री १०:१५

अजून झॅम्प वापरतात लोक? डॉकर टाका. एका फाइलीत वेब सर्व्हर, पीएचपी, डेटाबेस सगळं लिहून ठेवायचं, कुठल्याही मशीनवर तेच उभं राहतं. खरं तर विंडोजच काढा आणि उबुंटू घाला, कटकटच नको.

बिनधास्त_बग | सोमवार, रात्री १०:२१

शहाणे, ४ जीबी रॅम हे वाचलंत का? विंडोजवर डॉकर डेस्कटॉप म्हणजे खाली डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) आलं, आणि ते मुळातच अर्ध्या रॅमवर हक्क सांगतं. माझ्या ऑफिसच्या १६ जीबीत डॉकर, ब्राउझर आणि एडिटर एकदम उघडले की पंखा असा फिरतो की शेजारचा विचारतो, गिरणी काढलीस का. वाचनालयाच्या लॅपटॉपवर ते घातलं तर सभासद पुस्तक वाचून परत आणून देईल, पान उघडलेलं नसेल.

ताई, सोपा उपाय. अपाचीसमोरच्या कॉन्फिग बटणातून मुख्य कॉन्फिग फाइल उघडा, त्यात 'लिसन ८०' अशी ओळ आहे, तिथे ८०८० करा. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, मग ८०८०. झालं.

जुना_मिस्त्री | सोमवार, रात्री १०:४८

बगा, चालेल तुझा उपाय. पण घरात कोण शिरलंय ते न बघता आपणच मागच्या दाराने ये-जा करायची, असा तो प्रकार आहे.

शेवंताताई, मी फोनवरून लिहितोय आणि कीबोर्ड देवनागरी आहे, त्यामुळे कमांड मराठी अक्षरांतच येतील. टाइप इंग्रजीत करा.

पोर्ट म्हणजे चाळीतल्या खोलीचा नंबर समजा. चाळ एक, खोल्या ६५ हजारांवर. ब्राउझरने नंबर न सांगता दार वाजवलं की तो ८० नंबरच्या खोलीचंच दार वाजवतो. तिथे आधीच बिऱ्हाड असेल तर अपाचीला कुलूप उघडता येत नाही. तुम्ही झॅम्प तीनदा बदललंत, पण बिऱ्हाड झॅम्पचं नव्हतंच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता पीआयडी ४. विंडोजमध्ये ४ नंबर नेहमी 'सिस्टीम' या प्रोसेसचा असतो. स्काइपने पोर्ट धरलं असतं तर दुसरा कुठला तरी मोठा नंबर दिसला असता. ४ दिसतोय याचा अर्थ विंडोजच्या गाभ्यातल्या एचटीटीपी डॉट सिस नावाच्या ड्रायव्हरने ते धरलंय, आणि तेही स्वतःसाठी नाही, कुठल्या तरी सेवेच्या वतीने. नेटस्टॅट, स्पेस, वजा चिन्ह आणि त्याला चिकटून ए-एन-ओ, असं कमांड प्रॉम्प्टवर चालवलंत तरी ८० समोर तोच ४ दिसेल. खरा भाडेकरू कोण ते त्यातून कळणार नाही.

म्हणून आधी एक पोरखेळ करा. झॅम्प पूर्ण बंद ठेवा आणि ब्राउझरमध्ये नुसतं लोकलहोस्ट टाका. जो आत आहे तो दार उघडेल. काय दिसतं ते सांगा.

शेवंता | सोमवार, रात्री ११:०५

अगंबाई! निळ्या रंगाचं पान आलं. चौकोनाचौकोनांत वेगवेगळ्या भाषांत 'स्वागत' लिहिलंय. झॅम्प तर बंद आहे.

जुना_मिस्त्री | सोमवार, रात्री ११:०९

हे आयआयएस, मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वेब सर्व्हर. घरच्या विंडोजवर तो आपणहून चालू होत नाही. विंडोज फीचर्सच्या यादीत कोणीतरी टिक केलेली असते. लॅपटॉप आधी कोणाकडे होता?

शेवंता | सोमवार, रात्री ११:१४

कार्यवाहांच्या भाच्याकडे. कॉलेजात एएसपी डॉट नेट (मायक्रोसॉफ्टचं वेबसाइट बनवायचं तंत्र) होतं म्हणे त्याला. नवीन घेतला तेव्हा हा वाचनालयाला देणगी दिला, पावतीसुद्धा नेली.

जुना_मिस्त्री | सोमवार, रात्री ११:२०

देणगीत सर्व्हरही आला. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. यादीत खाली 'वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस' आहे. आधी स्टॉप, मग स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड'. नुसतं स्टॉप केलंत तर उद्या लॅपटॉप चालू केल्यावर भाडेकरू परत हजर.

शेवंता | सोमवार, रात्री ११:३१

हिरवं झालं!!! तीन दिवस, मंडळी, तीन दिवस. मिस्त्रीकाका, तुम्हाला घरचा चहा लागू.

परदेशी_पाखरू | मंगळवार, पहाटे ४:१२

इकडे अजून रात्र व्हायचीय. अवांतर, पण याच विषयातलं. मॅकवाल्यांनो, हसू नका. २०२१ साली मॅकओएस मॉन्टेरे आलं आणि माझा फ्लास्कचा (पायथनमधली वेबसाइट बनवायची चौकट) प्रकल्प एका सकाळी ५००० पोर्टवर उठेना. अर्धा दिवस स्वतःच्या कोडला शिव्या घातल्या. निघालं काय, तर मॅकचाच एअरप्ले रिसीव्हर (फोनवरचा व्हिडिओ मॅकवर दाखवणारी सोय) ५००० आणि ७००० धरून बसला होता. सेटिंग्जमध्ये जाऊन तो बंद केला. पाहुणा घरच्याच माणसाने आणलेला होता, फक्त आम्हाला सांगितलं नव्हतं.

बिनधास्त_बग | मंगळवार, सकाळी ९:४०

ताई, आता हौस असेल तर होस्ट्स फाइलीत १२७.०.०.१ (म्हणजे हाच लॅपटॉप) समोर एक छान नाव लिहा, अपाचीत व्हर्च्युअल होस्ट करा. लोकलहोस्ट, तिरकी रेघ, फोल्डर असं दरवेळी लिहायला नको. वाचनालय डॉट डेव्ह.

परदेशी_पाखरू | मंगळवार, सकाळी १०:०३

डॉट डेव्ह नको! ते आता खरंखुरं डोमेन आहे, गूगलच्या ताब्यातलं, आणि त्यावर एचटीटीपीएसची सक्ती ब्राउझरमध्येच कोरलेली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोम ६३ आलं त्या आठवड्यात आमच्या टीममध्ये सगळ्यांच्या लोकल साइट्स एकदम मेल्या होत्या. डॉट टेस्ट वापरा. ते १९९९ पासून चाचणीसाठी राखून ठेवलंय, कोणी विकत घेऊ शकत नाही.

बिनधास्त_बग | मंगळवार, सकाळी १०:०६

२०१७ ला मी अकरावीत होतो. क्षमस्व.

शेवंता | बुधवार, रात्री ८:३०

परत मीच, आणि यावेळी हात थरथरताहेत.

काल संध्याकाळी वळीव आला, वीज गेली. या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलीय, चार्जर काढला की तो बंद. नोंदी चालू असतानाच गेला. आज अपाची हिरवं होतंय पण मायएसक्यूएल दोन सेकंद पिवळं राहून पडतं. 'मायएसक्यूएल अनपेक्षितपणे बंद झालं', आणि खाली शक्यतांची यादी: पोर्ट अडलं, अवलंबून असलेली गोष्ट नाही, परवानगी नाही, क्रॅश. तोवर सहाशे पुस्तकं भरली होती. गेली का?

उंटावरचा_शहाणा | बुधवार, रात्री ८:४१

सोप्पं आहे. डेटा फोल्डरमधली आयबीडेटा१ नावाची फाइल डिलीट करा, चालू केल्यावर नवीन तयार होते. माझं असंच झालं होतं, लगेच सुटलं.

जुना_मिस्त्री | बुधवार, रात्री ८:४३

ताई थांबा. काहीही डिलीट करू नका. कंट्रोल पॅनललाही हात लावू नका.

शहाणे, तुमचं सुटलं कारण तुमच्या डेटाबेसमध्ये वाचवण्यासारखं काही नव्हतं. आयबीडेटा१ मध्ये इनोडीबीची (टेबलं साठवणारं डेटाबेसचं इंजिन) सगळ्या टेबलांची आतली नोंद असते. ती उडवली की नवीन कोरी तयार होते हे खरं. डेटाबेस हिरवाही होतो. टेबलांची नावंही दिसतात. आणि टेबल उघडायला गेलं की उत्तर येतं: असं टेबल इंजिनात अस्तित्वात नाही. कपाटं जागेवर, दाखल नोंदवही बंबात, असं झालं ते. ताईंना वेगळं सांगायला नको.

ताई, क्रमाने जाऊ. पहिलं, झॅम्पच्या फोल्डरमध्ये मायएसक्यूएल, त्यात डेटा. तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी पूर्ण झाल्याशिवाय पुढचं वाचूसुद्धा नका.

दुसरं, त्याच डेटा फोल्डरमध्ये मायएसक्यूएल अंडरस्कोर एरर नावाची लॉग फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडा. सगळ्यात खालची वेळ बघा, तिथून वर वर या आणि या प्रयत्नातली पहिली 'एरर' शब्द असलेली ओळ शोधा. शेवटची नको. शेवटची ओळ नेहमी 'बंद होतोय' एवढंच सांगते.

शेवंता | बुधवार, रात्री ९:२०

कॉपी झाली. पहिली एररची ओळ अशी आहे (अर्थ लिहितेय): 'एरियाची रिकव्हरी फसली. सगळ्या एरिया टेबलांवर एरिया-चेक वजा आर चालवा आणि एरिया-लॉग या नावाच्या फायली काढा.' त्याखाली एरिया प्लगइन सुरू झालं नाही, मग प्लगइनचं टेबल उघडता आलं नाही, मग बंद.

काका, हे तर ते स्वतःच सांगतंय काय करायचं!

जुना_मिस्त्री | बुधवार, रात्री ९:२८

सांगतंय की. लाल पट्टीवर 'अनपेक्षित' आणि लॉगमध्ये औषधाची चिठ्ठी, हे नेहमीचंच.

झॅम्पमध्ये नाव मायएसक्यूएल असलं तरी आत मारियाडीबी आहे, म्हणजे मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालेला डेटाबेस. तिच्या १०.४ आवृत्तीपासून तिची स्वतःची घरची टेबलं, म्हणजे वापरकर्ते, परवानग्या वगैरे, एरिया नावाच्या इंजिनात असतात. तुमची पुस्तकं इनोडीबीत आहेत. वीज गेली तेव्हा एरियाच्या लॉगची पानं अर्धवट लिहिली गेली. म्हणजे चौकीदार जखमी आहे, तिजोरीला बहुधा धक्का नाही.

कंट्रोल पॅनलमधलं 'शेल' बटण दाबा. डेटा फोल्डरमध्ये जाऊन उभ्या राहा, दुसरीकडून चालवू नका. तिथून मायएसक्यूएल नावाच्या उपफोल्डरातल्या एमएआय शेपटीच्या फायलींवर एरिया-चेक वजा आर चालवा. मग डेटा फोल्डरमधल्या एरिया-लॉग, टिंब आणि पुढे आकडे अशा नावाच्या फायली काढा. फक्त त्याच. कॉपी पेनड्राइव्हवर आहे ना, एकदा बघून घ्या. मग स्टार्ट.

खारे_दाणे | बुधवार, रात्री ९:३५

अवांतर: मायएसक्यूएलचे जनक माँटी विडेनियस यांच्या थोरल्या मुलीचं नाव माय, धाकटीचं मारिया. पहिला डेटाबेस थोरलीच्या नावाचा, दुसरा धाकटीच्या. हे एरिया इंजिनही आधी मारियाच होतं, घोटाळा नको म्हणून २०१० मध्ये म काढून टाकला. आमच्याकडे असतं तर बारशाला आत्याला विचारावं लागलं असतं.

शेवंता | बुधवार, रात्री १०:१०

उठलं!! ६१२ पुस्तकं. सगळी आहेत. शेवटचं अर्धवट भरलेलं तेवढं नाही, ते आठवतंय मला. देव तुमचं भलं करो.

जुना_मिस्त्री | बुधवार, रात्री १०:१४

आजपासून वाचनालयाला कुलूप लावायच्या आधी पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं पान) एक्स्पोर्ट, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर. चालू डेटाबेसचा फोल्डर उचलून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. आणि कार्यवाहांना बॅटरीचा खर्च मंजूर करायला सांगा.

शेवंता | शुक्रवार, संध्याकाळी ७:४५

बॅटरीचा विषय पुढच्या सभेत घेतो म्हणाले.

आता नवीन प्रश्न. एकेक पुस्तक हाताने भरायला महिने लागतील. आधीच्या ग्रंथपालबाईंनी बरीच यादी एक्सेलमध्ये करून ठेवली होती, ती मिळाली. पहिली १२०० पुस्तकं श्रीलिपीत टंकलेली आहेत (फॉन्ट बदलला की रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा काला दिसतो). एका कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये आणली. पुढची युनिकोडमध्येच होती. सगळं सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) केलं, इंपोर्टसाठी छोटी पीएचपी लिहिली, चालवली. एकही चूक आली नाही. आणि टेबलात सगळीकडे ??????? . इंग्रजी नावं तेवढी नीट. आधीची ६१२ हाताने भरलेली वेगळ्या टेबलात आहेत, ती व्यवस्थित दिसतात.

बिनधास्त_बग | शुक्रवार, संध्याकाळी ७:५८

हे माझं क्षेत्र, मिस्त्रीकाका जरा बसा.

ताई, गचाळ चिन्हं दिसली असती तर आशा होती. बाइट्स बरोबर असतात, फक्त चुकीच्या चष्म्यातून दिसतात. खरी प्रश्नचिन्हं म्हणजे कोणीतरी वाटेत मराठी फेकून देऊन तिथे शब्दशः '?' लिहिलंय. कुठे फेकलं ते शोधू. आधी सीएसव्ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा, एक्सेलमध्ये नाही. तिथे मराठी दिसतं का?

शेवंता | शुक्रवार, रात्री ८:०४

तिथेही प्रश्नचिन्हंच. म्हणजे डेटाबेसचा दोष नाही? 'वाचनालय' या शब्दाच्या जागी सात प्रश्नचिन्हं आहेत. अक्षरं तर पाच.

बिनधास्त_बग | शुक्रवार, रात्री ८:१२

पाच आपल्याला. संगणकाला सात: व, काना, च, न, काना, ल, य. प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह.

चोर एक्सेल. 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये साधं 'सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड' निवडलं की एक्सेल विंडोजच्या जुन्या एका-बाइटच्या कोष्टकात लिहितं, त्यात देवनागरी नाहीच. त्याच यादीत वर 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय आहे, २०१६ नंतरच्या एक्सेलमध्ये. तो घ्या. मूळ एक्सेल फाइल शाबूत आहे ना?

शेवंता | शुक्रवार, रात्री ८:४०

मूळ शाबूत आहे. नवीन सीएसव्ही नोटपॅडमध्ये छान मराठी दाखवते. इंपोर्ट केलं. टेबलात परत ???????

खारे_दाणे | शुक्रवार, रात्री ८:४२

चोरांची टोळी आहे.

बिनधास्त_बग | शुक्रवार, रात्री ८:५५

दुसरा चोर डेटाबेसात. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये ते टेबल उघडा, 'स्ट्रक्चर' टॅब, कोलेशन (कोणती अक्षरं आणि त्यांचा क्रम) नावाच्या स्तंभात काय लिहिलंय?

शेवंता | शुक्रवार, रात्री ९:०१

'लॅटिन१ स्वीडिश सीआय'. आमच्या वाचनालयाचा स्वीडनशी संबंध काय? हे टेबल मी कोर्सच्या जुन्या नोट्समधली एसक्यूएल चिकटवून केलं होतं.

खारे_दाणे | शुक्रवार, रात्री ९:०६

मायएसक्यूएलची मूळ कंपनी स्वीडनची, १९९५ सालची. त्यांना त्यांची वर्णमाला आपोआप मिळावी म्हणून मुळात तीच ठेवली. पुण्यात निघाली असती तर...

बिनधास्त_बग | शुक्रवार, रात्री ९:१५

नोट्समधल्या एसक्यूएलच्या शेवटी 'चारसेट = लॅटिन१' असं शेपूट असणार. लॅटिन१ मध्ये देवनागरी मावत नाही. डेटाबेस कडक शिस्तीत चालत असेल तर तो तोंडावर एरर फेकतो. ढिला असेल तर गुपचूप '?' लिहून मोकळा होतो. तुमचा ढिला आहे, म्हणून 'एकही चूक आली नाही'.

खात्री अशी करायची: एसक्यूएलमध्ये त्या स्तंभाला हेक्स (प्रत्यक्ष साठवलेले बाइट्स दाखवणारं फंक्शन) लावून बघा. ३एफ ३एफ ३एफ आलं तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं, मराठी परत येणार नाही. बरोबर साठवलेलं देवनागरी नेहमी ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होतं, तीन-तीन बाइट्सचे गठ्ठे. 'व' म्हणजे ई०ए४बी५.

टेबलाचा कॅरॅक्टर सेट आता बदललात तरी जे ३एफ झालंय ते ३एफच राहणार. टेबल उडवा, यूटीएफ८एमबी४ (युनिकोडची सगळी अक्षरं मावणारा संच) घालून नव्याने बनवा, इंपोर्टच्या पीएचपीत जोडणी केल्या केल्या सेट-चारसेटलाही तेच सांगा, परत भरा. नुसतं यूटीएफ८ असा पर्यायही दिसेल. देवनागरी त्यातही बसतं कारण तीनच बाइट्स लागतात, पण एखाद्या सभासदाने अभिप्रायात इमोजी टाकला की तो चार बाइट्सचा, आणि मग परत धागा काढाल.

शेवंता | शुक्रवार, रात्री १०:३०

मराठी आलं! पण (हसू नका) सगळ्या ओळींत दाखल क्रमांकाचा रकाना रिकामा आहे. नाव, लेखक, कपाट सगळं बरोबर. फक्त पहिला स्तंभ कोरा. सीएसव्हीत तो दिसतोय. कोडमध्ये मी 'दाखल क्रमांक' या शीर्षकावरून किंमत उचलते, शब्द चार वेळा तपासला, अगदी तोच आहे.

जुना_मिस्त्री | शुक्रवार, रात्री १०:३८

बगा, आता तू बस.

ताई, कोडमध्ये पहिल्या शीर्षकाची स्ट्रलेन (बाइट्समधली लांबी) छापून बघा. 'दाखल क्रमांक' मध्ये देवनागरीची ११ चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट्स, ३३. आणि एक मोकळी जागा. म्हणजे ३४ यायला हवेत.

शेवंता | शुक्रवार, रात्री १०:४४

३७!

जुना_मिस्त्री | शुक्रवार, रात्री १०:५१

तीन बाइट्सचं भूत. एक्सेलने 'यूटीएफ-८' लिहिताना फाइलीच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाची अदृश्य खूण घातली, ईएफ बीबी बीएफ. नोटपॅडला ती कळते म्हणून तो दाखवत नाही. पीएचपी मात्र तिला पहिल्या शीर्षकाचाच भाग समजते. डोळ्याला शब्द तोच, संगणकाला वेगळा. फाइल उघडल्यावर पहिले तीन बाइट्स हे असतील तर टाकून द्यायचे, मग वाचायला सुरुवात.

हेच भूत पीएचपी फाइलीतही शिरतं. 'हेडर्स आधीच पाठवले गेले, सुरुवात अमुक फाइल ओळ १' अशी तक्रार आली आणि ओळ १ वर काहीच नसेल, तर हाच. मे २०१९ च्या अपडेटआधीचं विंडोज १० चं नोटपॅड यूटीएफ-८ म्हटलं की न विचारता बीओएम घालायचं. कोड नोटपॅडमध्ये लिहू नका, नोटपॅड++ किंवा व्हीएस कोड घ्या.

शेवंता | शुक्रवार, रात्री ११:२५

३,२८८ पुस्तकं, दाखल क्रमांकासकट. झोपते आता. एक्स्पोर्ट घेऊन.

शेवंता | रविवार, दुपारी ४:१०

आज कार्यकारिणीला दाखवलं. आधी फजिती. कार्यवाहांनी स्वतःच्या फोनवर लोकलहोस्ट टाकलं आणि 'काहीच येत नाही' म्हणून माझ्याकडे बघितलं. लोकलहोस्ट म्हणजे ज्या यंत्रावर बसलात तेच, हे त्यांना पटवायला वेळ लागला. मग आयपीकॉन्फिगवरून लॅपटॉपचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता काढला, तरी येईना. वाय-फाय 'पब्लिक' म्हणून नोंदलं होतं, ते 'प्रायव्हेट' केलं आणि फायरवॉलमध्ये अपाचीला परवानगी दिली, तेव्हा आलं.

पण एक गोष्ट अडली. कार्यवाह म्हणाले, कऱ्हाडबद्दलची पुस्तकं दाखव. मी 'कऱ्हाड' टाकलं. शून्य. नोंदवहीत चार आहेत, मला तोंडपाठ आहेत. सूचीतून हाताने शोधली, आहेत. तिथला शब्द कॉपी करून शोधला की सापडतात. टंकून शोधलं की नाही. दोन्ही शब्द शेजारी ठेवून भिंग लावून बघितले. तंतोतंत सारखे.

बिनधास्त_बग | रविवार, दुपारी ४:२२

परत बीओएम?

जुना_मिस्त्री | रविवार, दुपारी ४:४०

नाही. हे अस्सल मराठी दुखणं आहे, इंग्रजी उत्तरांत सहसा सापडत नाही.

आपला अर्धा र, 'ऱ्ह', 'ऱ्य' मधला, दोन रीतींनी लिहिता येतो. एक, मुळातच नुक्ता असलेलं अक्षर ऱ, यू+०९३१, आणि त्यापुढे हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची कळ दाबली की येतं ते. दुसरी, साधा र, यू+०९३०, मग हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह, यू+२००डी. पडद्यावर दोन्ही एकसारखे. डेटाबेसला दोन वेगळे शब्द. ती चार पुस्तकं पहिल्या १२०० मधली असतील, बघा. तुमच्या कन्व्हर्टरने दुसरी रीत वापरलेली दिसते, तुम्ही पहिल्या रीतीने टंकता.

पीएचपीच्या नॉर्मलायझरवर (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी सोय) विसंबू नका. युनिकोडच्या लेखी हे दोन प्रकार एकमेकांचे प्रतिरूप नाहीत, तो त्यांना हात लावणार नाही. एक साधं स्ट्र-रिप्लेस लिहा: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे असं तिकुट दिसलं की त्याजागी ऱ आणि हलन्त. ते दोन ठिकाणी चालवा, नोंद साठवताना आणि शोधाचा शब्द घेताना. आणि जुन्या नोंदींवर एकदा अपडेट. आधी एक्स्पोर्ट.

परदेशी_पाखरू | रविवार, दुपारी ४:५५

पंधरा वर्षं या धंद्यात आहे, नाव मराठी, आडनावात ऱ्या आहे. आज कळलं इकडच्या एका फॉर्ममध्ये मी स्वतःला का सापडत नव्हतो.

शेवंता | रविवार, संध्याकाळी ६:३०

काका, बरोबर. चारही पहिल्या १२०० मधली. रिप्लेस केलं, अपडेट चालवलं, २०९ ओळी बदलल्या. 'कऱ्हाड' टंकलं, चार पुस्तकं आली.

तीन कपाटात आहेत. चौथ्यासाठी देवघेवीची वही काढली. ते कार्यवाहांच्या नावावर आहे, चौदा महिन्यांपासून. बॅटरी उद्या आणतो म्हणालेत.